आगरी समाज : ठाणे व कल्याण–डोंबिवली परिसर

उत्तर कोकणातील खाडीकाठचा एक श्रमजीवी समाज. मुंबई, ठाणे, पालघर व रायगड या जिल्ह्यांत त्याची मुख्य वस्ती असून ठाणे, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ या तालुक्यांतील अनेक जुनी गावे प्राधान्याने आगरी वस्तीची आहेत. भातशेती, मीठ पिकविणे व खाडीतील मासेमारी हे त्याचे परंपरागत व्यवसाय. ‘आगर’ म्हणजे मिठागर; त्यावरून ‘आगरी’ हे नाव पडले, असे सामान्यतः मानतात. कोकणात नारळी-पोफळीच्या बागेलाही आगर म्हणत असल्यामुळे काही जण नावाचा संबंध बागाईतीशी जोडतात. परंतु ठाणे जिल्ह्यातील आगरी हा मुख्यतः खाऱ्या जमिनीचा कसणारा असल्याने पहिली व्युत्पत्तीच अधिक ग्राह्य वाटते. कच्छच्या रणात मीठ पिकविणारे अगरिया आणि मध्य भारतातील लोखंड गाळणारी अगरिया जमात यांहून हा समाज वेगळा आहे.

मुंगी-पैठणहून बिंबराजाबरोबर आपले पूर्वज कोकणात आले, अशी आगऱ्यांत परंपरागत समजूत आहे. उत्तर कोकणातील इतर अनेक जातीही स्वतःविषयी हेच सांगतात. त्यामुळे तिला इतिहासापेक्षा एका प्रदेशाची सामायिक आठवण म्हणणे योग्य ठरेल. एकोणिसाव्या शतकातील सरकारी नोंदींत आगऱ्यांचे पोटभेद दिलेले आढळतात. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेली व पुढे पुन्हा हिंदू धर्मात आलेली कुटुंबे ‘वरप’ आगरी म्हणून ओळखली जात. आज हे भेद जवळजवळ लोपले आहेत. पाटील, म्हात्रे, भोईर, ठाकूर, मढवी, गायकर, केणे, घरत, भगत, चौधरी ही या भागातील नेहमीची आडनावे होत. महाराष्ट्रात हा समाज इतर मागासवर्गांत मोडतो.

भूमी : उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते आणि कल्याणच्या परिसरात तिला काळू व भातसई या नद्यांचे पाणी मिळते. कल्याणपासून खाली मात्र तिचे स्वरूप नदीपेक्षा खाडीचेच अधिक आहे. दिवसातून दोनदा भरतीचे खारे पाणी तीत वर चढते. ठाण्याजवळ एका अरुंद प्रवाहाने ती ठाण्याच्या खाडीशी जोडलेली आहे. डोंबिवलीजवळची कोपर, आयरे व मोठागाव, त्यांच्या खालच्या अंगाला दिवा, खारेगाव व कळवा ही गावे या पाण्याच्या काठी वसली आहेत. खारेगाव या नावातच जमिनीचा गुण सांगितलेला आहे. पूर्वेकडे शीळ, खिडकाळी, नेवाळी या बाजूस जमीन हळूहळू उंचावत जाऊन मलंगगडाच्या डोंगररांगेला भिडते. तेथील शेतात भरतीचे पाणी पोहोचत नाही. म्हणून या भागात शेतजमिनीचे ‘खारी’ व ‘गोडी’ असे दोन ठळक प्रकार पडतात. एकाच समाजाची गावे दोन्हींवर असली, तरी त्यांच्या राहणीत फरक पडला तो या भेदामुळेच.

खारी शेतजमीन निसर्गाने दिलेली नाही. ती माणसांनी केलेली आहे, आणि आगऱ्यांच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच म्हणावी लागेल. खाडीकाठच्या तिवरांच्या दलदलीभोवती मातीचा बांध घालून भरतीचे पाणी अडवीत. खाडीतील चिकट चिखलाचे मोठे तुकडे कापून, ओळीने उभे राहून हातोहात पुढे देत व एकावर एक रचीत. लाटांचा मारा जेथे जास्त तेथे दगड लावीत. बांधात ठिकठिकाणी ‘उघाडी’ ठेवीत. उघाडी म्हणजे बाहेरच्या बाजूला उघडणारी लाकडी झडप असलेले दार. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते व शेतात साचलेले पावसाचे पाणी खाडीत जाते. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप बंद होते. नव्याने बांधलेल्या जमिनीत लगेच भात येत नाही. काही पावसाळे तिच्यातील मीठ धुऊन जाऊ द्यावे लागते. आधी गवत उगवते, मग भात.

बांध एकट्याने राखता येत नाही. एका ठिकाणी खांड पडली, की उधाणाचे पाणी सबंध शिवारात शिरते आणि दोन-तीन वर्षे जमीन नापीक होते. त्यामुळे ज्याची जितकी जमीन, त्या प्रमाणात त्याने बांधाच्या डागडुजीस माणसे द्यावीत, अशी वहिवाट होती. रायगडच्या खारेपाटात या सामूहिक श्रमाला ‘जोळ’ म्हणत. रात्री खांड पडल्याची हाळी आली, तर भांडणतंटे बाजूला ठेवून गाव बांधावर जाई. आगरी गावांत भावकी व गावकी यांची पकड घट्ट का, याचे उत्तर शोधताना या बांधाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई खार जमीन अधिनियम व त्यानंतर १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम यांन्वये बांधांची जबाबदारी शासनाने उचलली. बांध सरकारी झाले, तसा गावकऱ्यांचा हात त्यांवरून निघाला. पुढे कित्येक ठिकाणी डागडुजी वेळेवर न झाल्याने पिकती जमीन पुन्हा तिवरांखाली गेली. खाडीतील रेतीउपशानेही काठ व बांध खचले.

शेती : या प्रदेशात वर्षाला सु. २५० सेंमी. पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. या पावसावर एकच पीक येते, ते भाताचे. गोड्या जमिनीत उन्हाळ्यात ‘राब’ भाजतात. वाफ्यावर शेण, वाळलेला पाला व फांद्या पसरून जाळल्याने तणाचे बी मरते व राखेचे खत मिळते. त्यावर पेरलेली रोपे म्हणजे आवण. आषाढात ते उपटून चिखलणी केलेल्या शेतात त्याची लावणी करतात. खाऱ्या जमिनीत नांगरट फार करीत नाहीत. तेथे मोड आणलेले बी थेट चिखलात फेकण्याची रीत आहे. तिला रहू असे म्हणतात. खाऱ्या पाण्याला दाद न देणारे राता व मुंडा हे तांबड्या तांदळाचे जुने वाण येथे पिकत. तो तांदूळ जाड व तांबूस असला, तरी त्याची भाकरी पोटाला आधार देणारी म्हणून कष्टकऱ्यांत त्याला मान होता. पावसाळा संपून जमीन वाळू लागली, की खालचे क्षार वर येतात व दुसरे पीक घेता येत नाही. शेतकऱ्याचे उरलेले आठ महिने रिकामे राहतात. ते मिठागराने व खाडीने भरून काढले.

मीठ : मिठागराचे काम पावसानंतर सुरू होते. उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी मोठ्या तळ्यात घेऊन कोंडतात. तेथून ते एकाहून एक उथळ खाचरांतून फिरवीत नेतात. सूर्याच्या उष्णतेने व वाऱ्याने पाणी उडून जाते आणि उरलेला द्राव घट्ट होत जातो. समुद्राच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण शेकडा सु. ३·५ असते व त्यांतील सु. तीन-चतुर्थांश भाग खाण्याच्या मिठाचा असतो. सर्व क्षार एकदम बाहेर पडत नाहीत. प्रथम चुनखडीचे क्षार व जिप्सम तळाशी बसतात, मग मीठ. मॅग्नेशियमचे कडू क्षार शेवटपर्यंत पाण्यात राहतात. म्हणून आगराचे कौशल्य दोन ठिकाणी पणाला लागते : द्राव शेवटच्या वाफ्यात केव्हा घ्यावा आणि मीठ बसल्यावर उरलेले कडू पाणी केव्हा काढून टाकावे. उशीर झाला, तर मीठ कडवट होते व दमट हवेत पाझरू लागते. ही वेळ जुनी माणसे पाण्याचा रंग व दाटपणा पाहून ठरवीत.

हंगामाआधी वाफ्याचा तळ ओळीने पाय आपटीत तुडवून टणक करतात. तळ कच्चा राहिला, तर मिठात चिखल मिसळतो. जमलेले मीठ लाकडी फळीने ओढून कडेला त्याच्या राशी घालतात. फेब्रुवारी ते मे हा मुख्य हंगाम असून वळवाची एक सर आठवड्यांचे काम वाया घालवू शकते. मिठाच्या पाण्यात सतत उभे राहिल्याने पायांना भेगा पडतात व पांढऱ्या वाफ्यांवरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळ्यांना इजा होते. आगरांची मालकी मात्र नेहमी आगऱ्यांकडे नव्हती. पुष्कळ आगरे सरकारची किंवा शहरातील धनिकांची असत व आगरी त्यांत मजुरीने राबे. मुंबईत भांडुप, कांजूर, मुलुंड, वडाळा आणि ठाणे जिल्ह्यात भाईंदरकडे मोठी मिठागरे होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांपैकी बरीच बंद पडली.

खाडी व आहार : आगरी हा कोळ्यांप्रमाणे खोल समुद्रात जाणारा मच्छीमार नव्हे. त्याची मासेमारी पायी, चिखलात व ओहोटीच्या वेळी चालते. फेकून मारायचे पाग हे जाळे, उघाडीच्या तोंडाशी लावलेली पिशवीसारखी जाळी, बिळात हात घालून पकडलेली चिंबोरी व चिखलातून वेचलेले निवटे ही तिची नेहमीची रूपे आहेत. कोळंबी, बोईट, जिताडा, खुबे व कालवे यांचाही आहारात समावेश असे. पहिल्या जोरदार पावसात अंडी घालण्यासाठी मासे ओढ्यांतून उलटे शेतांत चढतात, त्याला ‘वलगण’ म्हणतात. त्या रात्री बत्त्या, टोपल्या व काठ्या घेऊन गावातील लहानथोर शेतात उतरत. मात्र पोटात गाभोळी असलेले मासे याच वेळी मोठ्या प्रमाणात मारले जात असल्याने माशांची पैदास घटते, ही अभ्यासकांची तक्रार रास्त आहे.

तांदळाच्या पिठाची, पाण्याच्या हाताने थापलेली पांढरीशुभ्र भाकरी, भात आणि माशाचे कालवण हा रोजचा आहार. पावसाळ्यात खाडी बंद असते, तेव्हा उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले जवळा, सुकट, बोंबील व वाकट्या कामी येतात. हिवाळ्यात भातकापणीनंतर जमिनीतील ओलीवर गोड्या शेतात वाल घेतात; त्याचे बिरडे व शेंगांची पोपटी ही त्या ऋतूची खासियत होय. मडक्याच्या तळाशी व तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला घालून शेंगा त्यात भरतात, मडके उपडे करतात आणि भोवती जाळ करून वाफेवर शेंगा शिजवितात. लाल तिखट व गरम मसाले एकत्र कुटून वर्षाचा मसाला चैत्र-वैशाखात घरोघर केला जाई. या मसाल्याचा पाया असलेली मिरची पोर्तुगीजांबरोबर मेक्सिको व त्याच्या आसपासच्या प्रदेशातून येथे आली. चारशे वर्षांत ती इतकी स्थानिक झाली आहे, की तिच्यावाचूनच्या आगरी कालवणाची कल्पनाही करता येत नाही.

विवाह व धर्म : आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण या स्त्रीचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. पुष्कळ गावांत लग्नाचे बहुतेक विधी तीच चालवीत असे. पुरोहित असलाच, तरी तो मंगलाष्टकांपुरता. मांडव उभारणे, उंबराची फांदी आणणे, तांदूळ धुणे, हळद लावणे या प्रत्येक विधीचे तिचे स्वतंत्र गाणे असते. त्याला ‘धवला’ म्हणतात. धवल्यात गावदेवीला, कुलदैवताला व घरातील मृत पूर्वजांना नावे घेऊन लग्नाचे आमंत्रण दिले जाते. जमलेल्यांना कुळाची माहिती मिळते ती या नावांतून. धवलारीण बहुधा निरक्षर असे व तिची सर्व विद्या कंठगत असे. तेराव्या शतकातील महानुभाव कवयित्री महदंबा हिच्या विवाहगीतांनाही धवळे हेच नाव आहे. मराठीतील आद्य कवयित्रीची रचना आणि खाडीकाठच्या या स्त्रियांची गाणी एकाच जुन्या प्रकारात मोडतात, याची जाणीव साहित्याच्या अभ्यासकांनी अधिक ठेवावयास हवी होती. पूर्वी मुलीच्या बापाला देज देण्याची रीत होती व विधवेच्या पुनर्विवाहास (पाट) मान्यता होती. अलीकडे हळदीच्या रात्रीचे जेवण, ध्वनिक्षेपक व मद्य यांवरील खर्च बेसुमार वाढला असून तो आवरण्यासाठी अनेक गावांनी व समाजसंस्थांनी ठराव केले आहेत.

कार्ल्याची एकवीरा ही बहुतेक आगरी कुळांची व कोळ्यांचीही आराध्य देवता होय. चैत्र शुद्ध सप्तमीच्या पालखीला येथून मोठ्या संख्येने लोक घाट चढून जातात. गावोगाव गावदेवी असून तिची जत्रा चैत्र-वैशाखात भरते. शीळ रस्त्यावरील खिडकाळेश्वर व डोंबिवलीजवळील सागावचे पिंपळेश्वर ही शिवस्थाने महाशिवरात्रीला गजबजतात. अंबरनाथचे शके ९८२ (इ. स. १०६०) मधील शिलाहारकालीन शिवमंदिरही याच टापूत आहे. मांसाहार व पशुबळी यांची रूढी असलेल्या या समाजात वारकरी पंथही खोलवर रुजला. सावळाराम महाराज म्हात्रे यांच्या कीर्तनांनी व शिकवणीने ठाणे-रायगडमधील शेकडो कुटुंबे माळकरी झाली. डोंबिवलीतील क्रीडासंकुलाला त्यांचे नाव दिले आहे. एकाच घरात एका चुलीवर मासे व दुसरीवर माळकऱ्याचे जेवण, असे दृश्य येथे अपवादात्मक नाही.

बोली : आगरी बोलीची दखल ग्रीअर्सनने भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) घेतली आहे. तिच्यात प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी ‘ल’ व ‘ण’च्या जागी ‘न’ येतो (डोळा–डोला, पाणी–पानी). दोन स्वरांमधील ‘ड’चा ‘र’ होतो (गाडी–गारी, घोडा–घोरा). ‘मला’ ऐवजी ‘मना’ असे रूप आहे. भाऊ किंवा मित्र म्हणजे ‘दादूस’. मुलगी वा बहीण यांना ‘बाय’. वडीलधाऱ्यांनाही एकेरीत संबोधण्याची पद्धत असून तीत अनादर मुळीच नसतो. परक्यांना हे उद्धटपणाचे वाटते आणि शाळेत व कचेरीत आगरी मुलांना या गैरसमजाचा त्रास सोसावा लागला आहे. नाटक-चित्रपटांत ही बोली बहुधा विनोदासाठी वापरली गेली, हे तिचे दुर्दैव होय. शेती, मीठ व भरती-ओहोटी यांसंबंधी तिच्यात असलेला बारीक शब्दसंग्रह त्यामुळे झाकला गेला.

जमिनीचे लढे : आगरी समाजाचा अर्वाचीन इतिहास हा बव्हंशी जमिनीच्या लढ्यांचा इतिहास आहे. यांपैकी सर्वांत मोठे लढे शेजारच्या रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यात झाले. पण त्यांचा परिणाम ठाण्यापर्यंत जाणवला. उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन सत्याग्रही मृत्युमुखी पडले. अलिबाग तालुक्यातील चरी येथे खोतांच्या जाचाविरुद्ध कुळांनी १९३३ मध्ये संप पुकारला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते. १९३९ पर्यंत कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. पिकत्या जमिनी पडीक ठेवून लाकूडफाटा व खाडीतील मासळी यांवर गावांनी दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नात लक्ष घालून १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कुळकायदा व १९५७ चा कृषकदिन यांमुळे कसणारा आगरी जमिनीचा मालक झाला.

मालकी हाती आली आणि लगोलग जमीन जाऊ लागली. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी छावणी व नेवाळीचा विमानतळ यांसाठी जमिनी घेतल्या गेल्या होत्या. छावणीच्या जागी १९४९ मध्ये सिंधी निर्वासितांसाठी उल्हासनगर वसले. नेवाळीची जमीन मात्र युद्ध संपून सत्तर वर्षे झाली, तरी शेतकऱ्यांना परत मिळाली नाही. त्यातून २२ जून २०१७ रोजी तेथे उग्र आंदोलन झाले. डोंबिवलीचे औद्योगिक क्षेत्र, रेल्वेचे नवे मार्ग, जलवाहिन्या व रस्ते यांसाठी एकामागून एक संपादने झाली. ठाण्याच्या खाडीपलीकडे १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईसाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई व दास्तान फाटा येथे शेतकऱ्यांवर झालेल्या गोळीबारात पाच जण मरण पावले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांच्या मागणीतून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. भूसंपादनात पैशाऐवजी विकसित जमिनीचा वाटा देण्याच्या या तत्त्वाचा उल्लेख देशात पुढेही वारंवार झाला.

कल्याण–डोंबिवलीत असे काही मिळाले नाही. येथे शहर नियोजन मंडळाने नव्हे, तर खाजगी विकासकांनी वाढविले. मुंबईहून कल्याणपर्यंत रेल्वे १८५४ मध्ये आली होती. पण डोंबिवलीचा खरा विस्तार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदारांमुळे झाला. शेतकऱ्यांनी एकराच्या भावाने जमिनी विकल्या. त्या पुढे चौरस फुटाच्या भावाने विकल्या गेल्या. डोंबिवलीचे वर्णन सुशिक्षित मध्यमवर्गाची सांस्कृतिक नगरी असे केले जाते व ते खोटे नाही. परंतु तिच्या इमारतींच्या मध्ये आयरे, नवापाडा, चोळे, कांचनगाव ही गावठाणे अजून उभी आहेत, याची दखल त्या वर्णनांत क्वचितच आढळते.

कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. भोवतालची सत्तावीस गावे तीत होती. करवाढ व सोयींचा अभाव यांविरुद्धच्या आंदोलनांनंतर २००२ मध्ये ती वगळली गेली व २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट करण्यात आली. स्वतंत्र नगरपालिकेची मागणी त्यानंतरही चालू राहिली. या वादाच्या मुळाशी गावठाणाचा प्रश्न आहे. गावठाणांच्या हद्दी ब्रिटिश काळात आखल्या गेल्या. कुटुंबे वाढली, भाऊ वेगळे झाले, तशी घरे हद्दीबाहेर आपल्याच शेतात बांधली गेली. विकास आराखड्यात त्या जागांवर इतर आरक्षणे पडल्यामुळे ती अनधिकृत ठरली. गावकरी त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. त्यांच्या बरोबरीने केवळ नफ्यासाठी उभारलेल्या बेकायदा इमारतींची संख्याही मोठी आहे आणि दोहोंना एकच नियम लावला जात असल्याने खऱ्या गरजवंताची बाजू दुबळी पडते.

जमीन गेल्यावर हाती आलेला पैसा सर्वांना पुरला नाही. काहींनी चाळी बांधून भाडे सुरू केले, काही रेती, वीट व बांधकाम साहित्याच्या व्यवसायात शिरले, काहींनी टेम्पो व ट्रक घेतले. अनेकांचा पैसा घर, लग्न व वाहन यांत संपला. सहकारी संस्था, शाळा व स्थानिक राजकारण यांत या समाजाने लवकर जम बसविला. विद्यापीठीय शिक्षण व वरिष्ठ नोकऱ्या यांत तो बराच काळ मागे राहिला. ती दरी १९९० नंतरच्या पिढीत भरून येऊ लागली. स्त्रियांच्या वाट्याला या बदलाने वेगळेच काही आले. शेतावर, आगरात व मासळीच्या पाटीवर स्वतःची कमाई असलेली बाई जमीन गेल्यानंतर घरात बसली. सधन झालेल्या कुटुंबांत हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले गेले. भाजीबाजारात सकाळी बसणाऱ्या, नऊवारी लुगडे नेसलेल्या वृद्ध स्त्रिया ही त्या जुन्या कमाईची उरलेली खूण होय.

डोंबिवलीत आगरी युथ फोरमतर्फे भरणाऱ्या आगरी महोत्सवात खाद्यपदार्थ, लोकगीते व बोलीतील कवितांना स्थान मिळते. धवले लिहून व ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. ठाण्याच्या खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्यामुळे तिवरांना संरक्षण लाभले. मात्र काठच्या गावांचा खाडीतील मासेमारीचा परंपरागत हक्क कसा राखावयाचा, हा प्रश्न उपस्थित झाला. शहरांच्या सांडपाण्याने व कारखान्यांच्या रसायनांनी जिताडा व कोळंबी आधीच दुर्मिळ झाली होती.

कबड्डी, टेनिस चेंडूने खेळावयाचे क्रिकेट व बैलांच्या शर्यती हे येथील तरुणांचे आवडते खेळ. ठाणे-रायगडमध्ये दोनच गाड्या आमनेसामने पळविण्याची ‘बिनजोड’ शर्यत रूढ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली व मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरविला. नांगराची जोडी ज्यांच्या गोठ्यातून केव्हाच गेली, अशा घरांतही शर्यतीचा बैल बाळगला जातो आणि त्याची किंमत काही लाखांच्या घरात जाते.